हौसेला मोल नाही, पण जागा तर लागते!

‘हौसेला मोल नसतं’ असं आपण लग्नकार्यात अगदी सहज म्हणून जातो. पण एखाद्या सायकलवेड्या माणसाच्या घरात जरा डोकावून पाहा. एक सायकल गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली, दुसरी कपाटाला टेकलेली, तिसरी जिन्याखाली. आणि चौथी? ती अजून यायची आहे, ‘बघून ठेवली’ आहे! पाहुणे आले की आधी हँडल वळवायचं आणि मग खुर्ची मांडायची. केर काढताना पायडल नडगीला लागतं ते वेगळंच.

हे फक्त यजमानांविषयी लिहिलं आहे असं समजू नका हं! हे वेड चिरंजीवांना असतं, कन्येला असतं आणि मैत्रिणींनो, कदाचित तुम्हांलाही असेल. वेड काही वाईट नाही. सकाळी लवकर उठणं होतं, व्यायाम होतो, पेट्रोल वाचतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. अशी बातमी वाचून कोणाला हुरूप येणार नाही? तेव्हा तक्रार सायकल चालवण्याबद्दल नाहीच. चालवणं वेगळं आणि विकत घेणं वेगळं. पाऊस धो धो पडत असला की चालवता येत नाही, पण मोबाइलवर बोट दाबून विकत मात्र घेता येते. गडबड होते ती तिथे.

आणखी एकच!

सायकलवाल्यांत एक विनोद प्रसिद्ध आहे. माणसाकडे किती सायकली असाव्यात? तर आज आहेत त्यापेक्षा एक जास्त! त्याला पुढे शेपूट जोडलेलं आहे: ज्या आकड्याला जोडीदार घर सोडून जाईल, त्यापेक्षा एक कमी. हसून सोडून द्यावं असंच आहे हे. पण नीट पाहिलंत का? या विनोदात बायकोला काम दिलंय ते पोलिसाचं! ते काम आपण मुळीच पत्करू नये. कारण पोलीस दिसला की माणूस गल्ली बदलतो. मग सायकल कचेरीत मागवली जाते, सदतीस हजारांची किंमत घरी सतरा हजार सांगितली जाते, नाहीतर ‘मित्राची आहे, चार दिवस ठेवलीय’ अशी थाप मारली जाते. पैसे गेले तर पुन्हा साठवता येतात, पण एकदा हिशेब लपवायची सवय लागली की संसारातला विश्वास पोखरला जातो. चार सायकलींतला खरा धोका हाच आहे.

आपल्या आईवडिलांच्या काळी हा प्रश्न नव्हता. घरात सायकल एकच असे. वडील कामावर जात, भाऊ तीच घेऊन दळणाला जाई, धाकटा सीटपर्यंत पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून शिके. अनेक गावांत सायकलीला नगरपालिकेचा करही असे, आणि तो भरला की बिल्ला मिळे. दुसरी सायकल घ्यायची म्हणजे घरात चार वेळा बोलणं होई. आता ते बोलणंच होत नाही. खोकं दारात येतं तेव्हा कळतं.

कारणं अर्धी खरी असतात

सायकलवाल्याची कारणं अगदीच खोटी नसतात, म्हणून आपण गप्प बसतो. तेव्हा थोडी माहिती आपल्यालाही हवी. रोड बाइकचे टायर अरुंद, साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे, आणि हँडल वाकडं असतं. चांगल्या रस्त्यावर ती सुसाट जाते. एमटीबी म्हणजे डोंगरवाटेची सायकल. तिचे टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद असतात. खड्ड्यांत बरी, पण डांबरी रस्त्यावर जड जाते. दोहोंच्या मधली ती हायब्रिड. गावातलं रोजचं काम आणि रविवारची लांब फेरी हिच्यावर व्यवस्थित होते.

म्हणजे तीन कामांना तीन सायकली हव्यात? मुळीच नाही. हायब्रिडला पातळ टायर चढवले की लांब पल्ल्याला ती हलकी जाते. टायरची जोडी घेणं आणि अख्खी सायकल घेणं यात किती फरक आहे, हे गृहिणीला सांगायला नको. ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब फेऱ्या असतात. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापायचे असतात. त्यालासुद्धा अमुकच जातीची सायकल हवी अशी अट नसते. दिवे, चमकणारं जॅकेट आणि नीट ठेवलेली सायकल एवढं पुरतं.

बरं, सायकल एकटी येत नाही. हेल्मेट, दिवे, गादीची चड्डी, बूट, पंप अशी सगळी वरात मागून येते. दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६९ साली एक मजेदार निबंध लिहिला. त्याला एक भारी झगा भेट मिळाला, आणि त्या झग्यापुढे घरातलं जुनं सामान कळकट दिसू लागलं, म्हणून एकेक करून सगळंच बदललं! या प्रकाराला १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने ‘दिदेरो परिणाम’ असं नाव दिलं. आपल्याला हे नवं नाही. नव्या साडीवर जुनी चप्पल चालत नाही, हे आपणही अनुभवतोच की!

स्वस्ताई आणि हप्ते

‘अगं, स्वस्त झाली म्हणून घेतली!’ हे उत्तर ठरलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही गोष्ट खरी. करापूर्वी २०,००० रुपये किंमत असलेली सायकल २२,४०० ऐवजी २१,००० रुपयांना मिळू लागली. वाचले चौदाशे. पण गरज नसेल तर गेले एकवीस हजार!

बिनव्याजी हप्त्यांचंही तसंच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. व्याज बहुतेक वेळा शुल्कात दडवलेलं असतं, नाहीतर रोखीवर मिळणारी सूट आपण गमावतो. दुकानात दोन्ही किमती विचाराव्यात: रोखीची आणि हप्त्यांची, सगळी शुल्कं धरून. फरक निघेल तेच व्याज.

उभ्या सायकलीचं काय होतं?

२०२० च्या टाळेबंदीत सायकलींना इतकी मागणी आली की दुकानांत थांबावं लागे. त्यातल्या कितीतरी आज जिन्याखाली उभ्या आहेत. उभी सायकल म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. ट्यूबमधली हवा हळूहळू जातेच. मग सगळं वजन चपट्या टायरवर येतं आणि त्याला कडेने भेगा पडतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत चेनला गंज चढतो, ब्रेकच्या वायर अडकतात. चार सायकली म्हणजे चारदा ओव्हरऑइलिंग. ते होत नाही, आणि मग ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते.

खरा संग्रह ही निराळी गोष्ट. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकल तिथे पाहायला मिळते. जुन्या वस्तू शोधायच्या, दुरुस्त करायच्या, त्यांचा इतिहास जपायचा आणि लोकांना दाखवायचा, ही साधना आहे. जिन्याखालच्या ढिगाला संग्रह म्हणू नये!

भांडणापेक्षा नियम बरे

घरात सगळ्यांनी बसून ठरवावं असं थोडंसं:

१. दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्यावरच कोणती सायकल किती किलोमीटर फिरली ते लिहावं. तीन महिन्यांनी काही बोलावं लागत नाही, कॅलेंडरच बोलतं.

२. नवी सायकल मनात भरली की तारीख टाकून चिठ्ठी लिहावी आणि एक महिना थांबावं. महिन्यानंतरही तीच हवीशी वाटली, तर हौस खरी.

३. घेण्याआधी तशी सायकल भाड्याने किंवा मित्राकडून मागून आणून दोन रविवार चालवावी.

४. एक आली की एक गेली पाहिजे. आणि नवी यायच्या आधी जुनी जावी, नंतर नव्हे!

५. छंदासाठी दरमहा ठराविक रक्कम बाजूला काढावी, आणि ती दोघांचीही. त्यांच्या पाकिटात शंभर, तर तुमच्याही पाकिटात शंभर. त्या पैशांचा हिशेब कोणी कोणाला मागू नये. त्याबाहेरचा खर्च मात्र आधी सांगून आणि खऱ्या किमतीनेच.

सायकल विकताना चेन पुसून, हवा भरून, धुऊन दाखवावी. पायडलांच्या मधल्या नळीखाली बहुधा फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो, तारीख आणि घेणाऱ्याची सही कागदावर घेऊन ठेवावी. मूळ पावती असली तर उत्तमच.

आपल्या मापाची आहे का?

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. घरात तीन-चार सायकली आहेत, पण त्यातली एखादी तरी तुमच्या मापाची आहे का? पुष्कळ घरांत नसते! सीट कधी खाली केलेलीच नसते, कारण कोणी विचारलेलंच नसतं.

दुपारी घरात कोणी नसताना पाहा. दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभ्या राहा. आडवी नळी अंगाला लागता कामा नये. मग भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा आणि अगदी खाली आलेल्या पायडलवर टाच टेकवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर कलती होता कामा नये. तसं होत नसेल तर सीट वरखाली करून घ्या; पाच मिनिटांचं काम आहे. साडी नेसून चालवायची असेल तर आडवी नळी नसलेली, चेनकव्हरची सायकल सोयीची. भाजी आणायला पुढे टोपली असली की झालं.

एकही मापाची निघाली नाही, तर उभ्या असलेल्यांतल्या दोन विकून तुमच्यासाठी एक घ्यावी, असं घरात सुचवायला काहीच हरकत नाही. जागाही होईल, आणि सकाळच्या फेरीला सोबतही. महिनाभर थांबण्याचा नियम मात्र तुम्हांलाही लागू आहे बरं का!