बुरशीशी चिवट झुंज : डॉ. मोहन करुप्पयिल यांचे संशोधन

पावसाळ्यात कोल्हापुरात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओलसर कपडे आणि दुकानाच्या गादीवरची दिवसभराची बैठक यांमुळे जांघेत खाज सुटते आणि शेजारच्या औषध दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते. दोन दिवसांत आराम पडतो. काही दिवसांनी चट्टा अधिक पसरून परत येतो. अशा अनेक मलमांत बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टेरॉइडही असते. ते खाज दडपते आणि त्यासोबत त्वचेची प्रतिकारशक्तीही दडपते. अर्धवट मारलेली बुरशी मग औषधाला सरावत जाते. भारतात फैलावलेल्या नायट्याच्या अशाच एका हट्टी बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. टर्बिनाफिनसारख्या एके काळच्या खात्रीच्या औषधालाही ती पुष्कळदा दाद देत नाही. देशाचे नाव असे जगभर जावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या अभ्यासाला ज्यांनी आपली कारकीर्द वाहिली, त्यांपैकी एक शास्त्रज्ञ म्हणजे कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात संशोधन केलेले डॉ. एस. मोहन करुप्पयिल. त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय नायट्याची बुरशी नसून ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ ही आहे. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात गुपचूप राहते. मधुमेह, दीर्घ आजार किंवा अतिदक्षता विभागातील मुक्काम यांनी शरीर खचले की तीच रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एकोणीस घातक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वाधिक चिंतेच्या चार नावांत कॅन्डिडा अल्बिकन्स आहे.

या बुरशीचे सामर्थ्य तिच्या रूपांतरात आहे. कधी ती गोल पेशींच्या रूपात असते, तर कधी लांब तंतू काढून शरीराच्या ऊतींत घुसते. करुप्पयिल यांचे लक्ष या बहुरूपीपणाकडे प्रारंभापासूनच होते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात प्रा. पॉल झानिझ्लो यांच्यासमवेत त्यांनी ‘वँगिएला’ या दुसऱ्या एका रोगकारक बुरशीवर काम केले. तिच्या रूपबदलात कॅल्शियमची भूमिका कोणती, हे दाखविणारा त्यांचा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांसह कॅन्डिडाचा पाठपुरावा केला. महानगरातील मोठ्या संस्थांपासून दूर, मराठवाड्यातील एका तरुण विद्यापीठात हे काम वर्षानुवर्षे चालले, याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तेथे त्यांनी कॅन्डिडाच्या जैवपटलाचा बारकाईने अभ्यास केला. कॅथेटर किंवा कृत्रिम दातांची कवळी अशा पृष्ठभागावर बुरशीच्या पेशी एकमेकींना बिलगून चिकट थर तयार करतात. सुट्या पेशी ज्या मात्रेने मरतात, तिच्या कित्येक पट औषधही या थरातील पेशी पचवितात. शरीरात वापरल्या जाणाऱ्या विविध कृत्रिम पदार्थांवर हा थर कसा वाढतो आणि फ्लुकोनाझोल हे औषध त्याच्यापुढे कसे हतबल होत जाते, याची नोंद या गटाने २०१२ मध्ये मांडली.

मग नवे औषध का काढू नये? अडचण अशी की, बुरशीच्या पेशीची अंतर्रचना माणसाच्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. बुरशीला मारणारे बरेच काही रुग्णालाही बाधते. म्हणून बुरशीविरोधी औषधांचे प्रमुख प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हिशेबही व्यापाऱ्याला सहज कळेल असा आहे : भांडवल प्रचंड, परतावा दूरचा, आणि औषध हाती येते तोवर बुरशी सरावू लागलेली. एके काळी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी तेथील मातीतील सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध शोधले होते. तसे योग वारंवार येत नाहीत.

करुप्पयिल यांनी निराळी वाट धरली : जुन्या औषधाला जोडीदार शोधण्याची. जिरेनियमच्या तेलातील घटक फ्लुकोनाझोलच्या साथीला दिल्यास कॅन्डिडा त्या औषधापुढे नमते, असे २०११ मध्ये दिसून आले. हिवतापावरील क्लोरोक्विनमुळे जैवपटलावर जुन्या औषधांचा प्रभाव वाढतो, हे २०१३ मध्ये. आणि मोहरीला तिखटपणा देणारे ॲलिल आयसोथायोसायनेट फ्लुकोनाझोलला साथ देते, हे २०१७ मध्ये. वनस्पतींच्या सुगंधी तेलांवरील त्यांच्या व जे. एस. राऊत यांच्या २०१४ मधील आढावा-निबंधाचा जगभरातील संशोधकांनी हजारो वेळा आधार घेतला आहे. कोल्हापुरात आल्यावर सुंठीतील झिंजेरोनसारख्या द्रव्यांचीही परीक्षा झाली. ओल्या आल्यात नसलेले हे द्रव्य आले वाळविताना किंवा शिजविताना तयार होते. जैन स्वयंपाकघरात आल्याला स्थान नसले, तरी सुंठीची डबी असतेच!

परंतु मोहरीचे तेल चोळून नायटा घालवावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतील काचपात्रांत, मोजून घेतलेल्या शुद्ध द्रव्यांवर झालेले आहेत. त्वचेवर तीच द्रव्ये दाह करू शकतात. काचपात्रापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत सुरक्षिततेच्या व मात्रेच्या चाचण्यांची लांब वाट असते आणि बहुतेक द्रव्ये त्या वाटेवरच गळून पडतात. तोवर रुग्णालयांची भिस्त आहे त्याच मोजक्या औषधांवर. नायट्याच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे औषध चालू ठेवावयास सांगतात. ट्यूब मात्र बहुतेक घरांत खाज थांबल्याच्या दिवशीच कपाटात जाते.