दीड चमचा तेल

नांदेडहून अर्धापूर ओलांडून पुढे आलं की वारंगा फाट्यावर रस्त्याला दोन तोंडं फुटतात. एक कळमनुरी-हिंगोलीकडे जातं, दुसरं हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळ-नागपूरकडे. इथे गाडी कुठलीही असो, तिचा वेग पडतो, गिअर उतरतो. कुणी खिचडीसाठी थांबतं, कुणी वळण घेऊन निघून जातं. डावे पाय मात्र दिवसरात्र क्लचवर पडत असतात. दुचाकीवाल्याच्या हाताखाली केबल असते, बऱ्याचशा ट्रॅक्टरांत पायाखाली लोखंडी दांड्या असतात. मोठ्या ट्रकचा क्लच तेलावर चालतो आणि त्याला दाबाच्या हवेचा हातभार असतो. दांडीचं किंवा केबलचं काम डोळ्यांना दिसतं. तेलाचं दिसत नाही, म्हणून त्याचं नवलही कुणाला वाटत नाही.

ते नवल कळायचं असेल तर जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवू पाहणाऱ्या माणसाकडे बघावं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतल्या. त्यांच्या वंशातल्या डिझेल जीपगाड्यांनी पुढे खेडोपाडी माणसं वाहिली. अशी एखादी गाडी हौसेने पुन्हा उभी करायची, तिच्यात वेगळं इंजिन आणि वेगळा गिअरबॉक्स टाकायचा (आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर), तर पहिली अडचण क्लचची येते. पेडल चेसिसला धरलेलं, क्लचचा फोर्क नव्या गिअरबॉक्सच्या भलत्याच बाजूला. मधे स्टिअरिंगचा खांब आणि सायलेन्सरचा पाइप. जुनी दांडी पोचतच नाही. वाकवून पोचवली, तरी इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं तेव्हा दांडीही ओढली जाते आणि गाडी उचलताना धक्के खाते.

कॅलिफोर्नियातल्या पोरांपुढे हेच कोडं होतं. 1932 सालची फोर्ड घ्यायची, तिचं वजन उतरवायचं, दणकट इंजिन घालायचं आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवायची, हा त्यांचा नाद. असल्या गाड्यांना ते हॉट रॉड म्हणत. फोर्डने 1939 च्या गाड्यांना तेलाचे ब्रेक दिले, तर या मंडळींनी ते काढून 1932 च्या गाड्यांना लावले. ब्रेक तेलावर चालतात तर क्लच का नाही, हा प्रश्न मग ओघानेच आला.

क्लचचं काम तसं एवढंच, की इंजिन फिरत असताना चाकांशी असलेलं त्याचं नातं क्षणभर तोडायचं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट करकचून दाबलेली असते. दाबणारी असते पोलादाची थाळीसारखी स्प्रिंग. तिच्या मधल्या बोटांवर बेअरिंगने जोर दिला की पकड सुटते. त्यासाठी बेअरिंगवर दीडशे किलोच्या आसपास जोर लागतो असं धरू. एवढा जोर माणूस दिवसभरात शेकडो वेळा पायाने कसा लावणार?

इथे सतराव्या शतकातला ब्लेझ पास्कल मदतीला येतो. 1662 मध्ये तो गेला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्यात आहे. म्हणून लहान दट्ट्यावर रेटणारा एक माणूस शंभरपट मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करतो. मला त्याहून मोठी वाटते ती त्याची दुसरी बाजू: दाबाला दिशा नसते. नळी वर न्या, खाली न्या, इंजिनाला वळसा घाला, तेलाला फरक पडत नाही. लोखंडाइतकी ताठ आणि तरीही हवी तिथे वळणारी दांडी हवी होती, ती मिळाली.

आता हिशोब करून बघू. पेडलच्या तरफेमुळे पायाचा जोर सहापट होतो असं धरलं, तर दहा किलोचे साठ किलो झाले. ते पाऊण इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडले. त्याचं क्षेत्रफळ 2.85 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 21 किलो दाब. गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर 7/8 इंची, म्हणून तिथे जोर 81 किलोवर गेला. फोर्कची तरफ दुप्पट करते. बेअरिंगवर 160 किलोंहून जास्त जोर पोचला.

फुकट मात्र काही मिळालेलं नाही. पाय पंधरा सेंटिमीटर खाली गेला, मास्टरचा दट्ट्या अडीच सेंटिमीटर सरकला, स्लेव्हचा पावणेदोनच्या थोडा वर आणि बेअरिंग जेमतेम नऊ मिलिमीटर. स्प्रिंगच्या बोटांमधून पुढे प्रेशर प्लेट उचलली जाते ती दोनेक मिलिमीटर. प्लेटच्या दोन्ही अंगांना मिळून मोकळी जागा एवढीच. आणि या सगळ्यात नळीतून सरकलेलं तेल किती? 2.85 गुणिले अडीच: सात घन सेंटिमीटर. चहाचा दीड चमचा.

म्हणून तेलात हवा शिरली की सगळं बिघडतं. 21 किलोच्या दाबाखाली तेल जवळपास आकसत नाही, हवा मात्र विसाव्या हिश्श्याहूनही लहान होते. एक घन सेंटिमीटरचा बुडबुडा अडकला तर सातांतला जवळजवळ एक गिळून टाकतो. दोन मिलिमीटरची फट अपुरी राहते आणि गिअर टाकताना करकर ऐकू येते. पेडल भसाभसा दोन-तीनदा मारलं की गिअर पडतो, तेव्हा मेकॅनिक न उघडताच सांगतो, ‘एअर पकडलीय.’

एअर काढताना एकजण सीटवर, एकजण गाडीखाली. खालून आवाज येतो, ‘दाब… धरून ठेव.’ स्लेव्ह सिलिंडरवरचा निप्पल पाव आटा उघडतो, पारदर्शक नळीतून फसफसत तेल येतं, निप्पल बंद होतो, मग ‘सोड’. हा क्रम चुकला, बंद करायच्या आधीच पाय उचलला, की तीच हवा परत आत. आणि स्लेव्ह सिलिंडर बसवताना निप्पल वरच्या अंगाला आला नसेल तर जन्मभर दाबत बसा. हवा वरच चढणार, निप्पल खालून तेलच काढणार. हुशार लोक उलटं करतात: सिरिंजने खालच्या निप्पलमधून तेल चढवतात आणि बुडबुड्यांना आपल्या स्वभावाने मास्टर सिलिंडरच्या वरच्या, तेलाच्या डबीत जाऊ देतात.

जुन्या गाडीत हे बसवताना घात होतो तो साध्या गोष्टींत. मास्टर सिलिंडर पातळ पत्र्यावर बोल्ट केला तर साठ किलोंच्या रेट्याने पत्राच फुगतो आणि दीड चमच्यातला वाटा तिथेच जिरतो. मागून जाड पट्टी हवीच. पेडल आणि दट्ट्या यांच्यात मिलिमीटरभर ढिलाई ठेवावी लागते. नाहीतर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, डबीकडचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि इंजिनाच्या उष्णतेने फुगलेलं तेल कुणी पाय न लावताच क्लच दाबू लागतं. प्लेट घसरते, जळका वास येतो. पेडलला खाली अडणीही हवी. तेलाला थांबायचं कळत नाही, ते स्प्रिंगची बोटं हवी त्याहून पुढे ढकलू शकतं.

तेलही ब्रेकचंच. इंजिन ऑइल घातलं तर आतले रबरी कप फुगतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि गाडीचा रंगही खातं. नव्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो. पाणी मुरल्यावरची हद्द 140 वर येते. सायलेन्सरला चिकटून नळी नेणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

एक गंमत तर वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. ब्रेकचे लायनर झिजले की डबीतलं तेल खाली जातं. क्लच प्लेट झिजली की उलट वर चढतं! प्लेट पातळ होते तशी स्प्रिंगची बोटं बेअरिंगला मागे रेटतात, स्लेव्हचा दट्ट्या आत सरकतो आणि तेवढं तेल त्या बारीक भोकातून डबीत परततं. केबल सैल करत बसावं लागतं, दांडीचा नट फिरवावा लागतो. इथे तेल आपली जागा आपणच बदलून घेतं, आणि पेडल पहिल्या दिवशी जिथे पकडत होतं साधारण तिथेच पकडत राहतं.