कलम ३७७ आणि एचआयव्ही-प्रतिबंध

एखाद्या दंडविधानाचा परिणाम त्याखाली झालेल्या खटल्यांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. हे माप अपुरे आहे, हे भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या इतिहासावरून स्पष्ट होते.

१८६० च्या या संहितेने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध, मग तो उभयसंमतीने का असेना, दंडनीय ठरविला. शिक्षेची मर्यादा जन्मठेपेपर्यंत होती. १८५३ मध्ये इंग्रजी कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडातही पुढे हाच कायदा लागू झाला.

एचआयव्हीचा संसर्ग रोखावयाचा, तर ज्यास धोका अधिक त्याने आपण होऊन तपासणीस आले पाहिजे व समुपदेशकास खरे सांगितले पाहिजे. खरे उत्तर हीच गुन्ह्याची कबुली ठरत असेल, तर ते कोण देईल? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हीच अडचण मांडली. समसंबंधी पुरुषांत संसर्गाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर सर्वसाधारण लोकसंख्येत १ टक्क्याहून कमी असून, कलमाच्या धाकाने हे लोक आरोग्यसेवेपासून दूर राहतात, असे तिचे प्रतिपादन होते. त्याच खटल्यात गृह मंत्रालयाने मात्र कलमाचे समर्थन केले. एका खात्याने ज्यांस बोलवावे, त्यांसच दुसऱ्याने धाक घालावा, अशी ही विसंगती होती.

२ जुलै २००९ रोजी उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी व्यक्तींवर खटले झाल्याचाही आधार त्याने घेतला. परंतु भयाची नोंद निकालपत्रांत होत नसते. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी याच न्यायालयाने संमतीचे संबंध गुन्हा नसल्याचे ठरविले. तपासणीस संमती व माहितीची गुप्तता आवश्यक मानणारा एचआयव्ही-एड्स कायदा त्यानंतर चारच दिवसांनी अंमलात आला.

तथापि कायदा गेला म्हणून भय जातेच असे नव्हे. मुंबईच्या गर्दीत मनुष्य अनोळखी राहू शकतो. अमरावती वा अकोल्याच्या रुग्णालयातील रांगेत नात्यागोत्याचे कोणी भेटणारच नाही, याची शाश्वती नाही. म्हणून येथे गुप्तता हा केवळ शिष्टाचार नव्हे. तो रोगप्रतिबंधाचाच भाग होय.