पुण्याचे घोडे आणि काकूंच्या पाटल्या

आम्हां पार्लेकरांचे पुणे ठरलेले असते. मावशीचे घर, कुणाच्या तरी मुंजीचे जेवण, लक्ष्मी रोडवरची खरेदी आणि येताना बाकरवडीचा पुडा. हे घोड्यांचे शहर आहे असे कुणी म्हटले, तर पार्ल्यात त्याला हसतील. आमच्या घरी मात्र कुणी हसले नसते. माझे काका पावसाळ्यात दर शनिवारी पुण्याला जात. कशाला, ते कुणी सांगत नसे. एका श्रावणात काकूंच्या हातांतल्या पाटल्या गेल्या, एवढे आम्हां मुलांनाही दिसले.

काकांना जाऊन आता वीस वर्षे झाली. काकू एकोणऐंशीच्या आहेत. यंदा जुलैत त्या एकाएकी म्हणाल्या, "अरे, मला एकदा ते घोडे दाखव. पैसा मात्र एकही लावायचा नाही."

शुक्रवारी संध्याकाळी दादरला डेक्कन क्वीन पकडली. काका याच गाडीने जात, आणि ते योग्यच होते. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा ती फक्त आठवड्याच्या अखेरीस धावे, आणि रेसचे शौकीन हेच तिचे हक्काचे उतारू असत. हिच्या डायनिंग कारमध्ये आजही टेबलाशी बसून खाता येते. काकूंनी चीज टोस्ट मागवला आणि घाट येईपर्यंत पुरवला.

शनिवारी सकाळी शनिवारवाडा. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याचा आता तट उरला आहे. आतले बरेचसे १८२८ च्या आगीत गेले. समोर घोड्यावर पहिला बाजीराव. जड तोफा आणि बुणगे मागे ठेवून नुसत्या घोडदळाच्या वेगावर त्याने १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडीत पकडले. लगाम सैल सोडून, हातावर कणसे चोळून दाणे खात तो दौड करी, असे सांगतात. आमच्या कन्येने लगेच स्वतःच्या पोटाची आठवण करून दिली. तेव्हा कँपात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीत गेलो. १९५५ पासूनची ही बेकरी. श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लावावी लागते आणि दुपारी दुकान बंद असते, म्हणून सकाळीच जावे. धनसाक खाणाऱ्यांनी इथून जवळच १८७८ सालचे दोराबजी गाठावे. आम्ही शाकाहारी, नुसता वास घेऊन पुढे गेलो.

रेसकोर्सही कँपातच. १८३० पासूनचे, जमीन लष्कराची. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. हिरवळ अशी की डोळे निवावेत. शर्यतीपूर्वी घोडे गोलात फिरवतात, ते कठड्याशी उभे राहून अगदी जवळून पाहता येतात. अंगावरची शीर न् शीर दिसते. जॉकी खोगिरासकट तराजूवर चढतात. शर्यत संपल्यावर पुन्हा वजन होते. काकूंना हे फार आवडले. "निदान वजनात तरी लबाडी नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी एक काळाभोर घोडा मनात धरला. तो शेवटून दुसरा आला, तरी त्या टाळ्या वाजवीत होत्या.

मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, पाटल्या आठवल्या. मी म्हटले, "काकू, निघू या का?"

"अरे, इतकं सुंदर असतं हे," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांनी मला एकदाही आणलं नाही."

यावर काय बोलणार? सौभाग्यवतीने थर्मासमधला चहा पुढे केला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "म्हातारे झाल्यावर ह्यांचं काय होतं रे?" उत्तर मला ठाऊक होते. पुण्यात पूनावाला मंडळींनी १९४६ साली घोड्यांची पैदास सुरू केली. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. घोड्याला विष बेताबेताने टोचत गेले की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. ते रक्त काढून सीरम वेगळे केले की धनुर्वातावर, सर्पदंशावर औषध मिळते. घोडे आपले, मग औषधही आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. कोविशील्ड लस घोड्यापासून होत नाही, पण ती करणारा कारखाना उभा राहिला तो घोड्यांच्या जिवावर. काकूंनी दोन्ही डोस घेतले होते. त्यांनी दंडावरून नकळत हात फिरवला.

रविवारी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ, गोडसर रश्शाची, पावाच्या स्लाइसबरोबर. मुंबईकर जिभेला ती आधी फसवते, दुसऱ्या वाटीला पटते. नंतर शिवाजीनगरला प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात नानासाहेब करमरकरांनी घडवलेला १९२८ सालचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहिला. दोन दिवस घोडे पाहिल्यावर या घोड्याकडे नजर वेगळी जाते. काकू त्याच्या पायांकडेच पाहत राहिल्या. जाता जाता कन्येने मस्तानी प्यायलीच. आइस्क्रीम घातलेल्या त्या घट्ट दुधाला बाजीरावाच्या मस्तानीचे नाव आहे, एवढा इतिहास तिला पुरला.

नोव्हेंबरपासून शर्यती महालक्ष्मीला येतात. पार्ल्याहून लोकलने अर्धा तास. पहिला दिवस कधी आहे, ते काकूंनी मला दोनदा विचारून झाले आहे.