नाट्यपंढरी आणि कलापूर

सांगलीकरापुढं नाटकाचा विषय काढा, दोन मिनिटांत गाडी १८४३ सालावर येते. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला, म्हणून सांगली ही नाट्यपंढरी. कोल्हापूरकर हे सगळं मान डोलावत ऐकतो आणि हळूच विचारतो, ‘पण थेटर कुणी बांधलं?’ शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्तीमैदानाला खेटून उभारलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं. दोन्ही गावांत अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. तरी हा वाद मिटत नाही, आणि मिटावा असं कुणाला वाटतही नसावं.

खरी गंमत जमाखर्च तपासला की कळते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी तीच महाभारतकथा कोल्हापुरात पडद्यावर आली. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला. पुढं ८ जुलै १९२१ला मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, ‘संयुक्त मानापमान’ झालं. लेखणी खाडिलकरांचीच, धैर्यधर कोल्हापूरचे केशवराव भोसले, तर भामिनी बालगंधर्व. दोन मातब्बर नाटक मंडळ्यांची ती जुगलबंदी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले.

गाण्यातही तेच. कोल्हापूर दरबारी अल्लादियाखाँ, सांगलीला लागून असलेल्या मिरजेत अब्दुल करीमखाँ. एकाची अनवट रागांतली, लयीशी झुंजणारी पेचदार गायकी; दुसऱ्याची एकेक सूर निथळत ठेवणारी. कोण थोर, यावर दोन्हीकडच्या रसिकांनी रात्री घालवल्या असतील. मला विचाराल तर मी मिरजेच्या सतारमेकरांची गल्ली गाठीन. ही मूळची हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडं वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा आणायचा, वाळवायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची आणि मग जवारी काढायची. घोडीवर तार कुठं नि किती टेकते, यावर सुराचा गुंजारव ठरतो. ते कानानंच समजतं, पट्टीनं मोजता येत नाही. मैफल कोल्हापुरात असली तरी गवयाच्या मागं बऱ्याचदा हाच तानपुरा. श्रेयाच्या यादीत मात्र तो सहसा नसतो.

पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. त्या आगीचा विषय निघाला, की सांगलीकर १८४३ काढत नाही.