वर्गणीची यादी, एक खोडकर नाव आणि जेएसटीएल

कानात इअरफोन, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरलेला, अशा अवस्थेत तुमच्यातले बरेच जण हे ऐकताय हे मला माहितीये. पण टॅगांची नावं नुसती ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हा भाग इथे लिहूनही देतोय. निवांत वाचा.

आजचा विषय जेएसटीएल. पूर्ण नाव जावा सर्व्हर पेजेस स्टँडर्ड टॅग लायब्ररी. नाव ऐकून झोप येईल, पण थांबा, आधी एक किस्सा सांगतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळासाठी एक पान बनवलं होतं. नाव टाका, रक्कम टाका, आणि खाली सगळ्यांच्या वर्गणीची यादी दिसेल. एवढंच. जावा नुकतीच शिकलो होतो, त्यामुळे अंगात भलतीच रग. सगळं एकाच जेएसपी फाइलमध्ये कोंबलं. वर एचटीएमएल, मध्येच जावाचा लूप, त्यात डेटाबेसची क्वेरी, परत एचटीएमएल. चाललं पण! मंडळात माझी कॉलर टाइट.

दुसऱ्याच रात्री एका मित्राने नावाच्या खान्यात नाव लिहिलंच नाही. तिथे त्याने स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि आत एक अलर्ट. सकाळी खजिनदार काकांनी यादी उघडली तर पान दिसायच्या आधीच एक चौकट टुणकन वर आली: ‘मंडळाचे पैसे संपले’. सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, “अरे, पैशाचा हिशोब आहे हा. उद्या कुणी माझ्या नावापुढे काहीही लिहिलं तर लोक मला विचारणार, तुला नाही.”

बरोबरच होतं त्यांचं. आणि नीट विचार केला तर मित्राने फार सौम्य मस्करी केली होती. अलर्टच्या जागी त्याने पान उघडणाऱ्याची सेशन कुकी चोरणारा कोड लिहिला असता, तर काकांच्या नावाने लॉगिन करून तो हिशोबही बदलू शकला असता. या प्रकाराला क्रॉस साइट स्क्रिप्टिंग म्हणतात आणि वेबवरच्या सगळ्यात जुन्या दुखण्यांपैकी हे एक आहे.

आता हे झालं कसं ते बघू. जेएसपी पान म्हणजे काय, तर एचटीएमएल आणि त्यात मध्ये मध्ये पेरलेला जावा कोड. सर्व्हरवर, समजा टॉमकॅटवर, ते पान पहिल्यांदा मागितलं की सर्व्हर त्याचा एक सर्व्हलेट बनवतो, म्हणजे चक्क जावाचा क्लास, आणि तो कंपाइल करतो. म्हणून पहिल्या वेळी पान जरा रेंगाळतं आणि नंतर पटापट उघडतं. हा क्लास चालतो आणि ब्राउझरकडे शुद्ध एचटीएमएल पाठवतो. ब्राउझरला जावा दिसतही नाही.

पानात थेट लिहिलेल्या त्या जावाच्या तुकड्याला स्क्रिप्टलेट म्हणतात. माझं अख्खं पान स्क्रिप्टलेटांनी भरलेलं होतं. त्यातली अडचण अशी, की लूपचा महिरपी कंस एका ठिकाणी उघडतो आणि चाळीस ओळी एचटीएमएल झाल्यावर बंद होतो. एखादा कंस राहिला की एरर येते ती बनवलेल्या सर्व्हलेटच्या भाषेत, डोकं खाजवत बसा. आणि डिझाइन करणाऱ्या मैत्रिणीला ती फाइल दिली, तर ती हात लावायलाही घाबरते.

यावर उपाय म्हणून 2002 मध्ये जेएसटीएलची पहिली आवृत्ती आली. कल्पना साधी. लूप, अट, छापणं, तारीख दाखवणं ही कामं प्रत्येक पानात लागतात. मग त्यांचे टॅगच बनवून ठेवू, दिसायला एचटीएमएलसारखे. टॅगच्या मागे जावाचा एक क्लास असतो. पानाचा सर्व्हलेट बनताना टॅगच्या जागी त्या क्लासला हाक मारली जाते. जादू नाही, वायरिंग भिंतीच्या आत गेलं इतकंच.

एकूण पाच लायब्रऱ्या आहेत: कोअर, फॉरमॅटिंग, फंक्शन्स, एक्सएमएल आणि एसक्यूएल. एक्सएमएलची गरज आज क्वचितच पडते. एसक्यूएलच्या टॅगांनी पानातूनच थेट क्वेरी मारता येते आणि नवशिक्याला तो मोह होतोच. पण ते छोट्या प्रयोगासाठी, पटकन काहीतरी चालवून दाखवण्यासाठी आहेत. खऱ्या कामात डेटा सर्व्हलेटमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये गोळा करा, रिक्वेस्टला ॲट्रिब्यूट म्हणून जोडा आणि पानाकडे पाठवा. पानाने फक्त दाखवायचं. स्वयंपाक आत, वाढणं बाहेर.

कोअर लायब्ररी वापरायची तर पानाच्या डोक्यावर टॅगलिब डायरेक्टिव्ह लिहावं लागतं: या लायब्ररीचा पत्ता अमुक, आणि तिचे टॅग मी ‘सी’ या उपसर्गाने लिहीन. मग टॅग होतात सी कोलन फॉरईच, सी कोलन इफ, सी कोलन आउट. मी पुढे नुसतं सी-फॉरईच, सी-इफ असं म्हणेन.

ही टॅगलिबची ओळ विसरलात तर काय होतं ते सांगतोच, कारण यात माझा एक अख्खा रविवार गेलाय. एरर येत नाही! सर्व्हरला वाटतं की हा कुठलातरी साधा मजकूर आहे, आणि तो टॅग जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. ब्राउझर अनोळखी टॅगकडे दुर्लक्ष करतो. यादीत चाळीस नावं असतात आणि पानावर एकच ओळ दिसते, तीही रिकामी. असं दिसलं की व्ह्यू सोर्स उघडा. तिथे सी-फॉरईच असं लिहिलेलं सापडलं तर समजा टॅग सर्व्हरवर चाललाच नाही. टॅग चालला असेल तर सोर्समध्ये त्याचा मागमूस राहत नाही.

आता यादी. सी-फॉरईचला दोन गोष्टी सांगायच्या: आयटम्स म्हणजे कशावरून फिरायचं, आणि व्हार म्हणजे प्रत्येक फेरीतल्या वस्तूला काय म्हणायचं. आयटम्समध्ये यादी देताना डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंसात नाव लिहितात. याला एक्स्प्रेशन लँग्वेज म्हणतात, थोडक्यात ईएल. ‘देणगीदार डॉट नाव’ असं लिहिलं की ईएल स्वतःच त्या ऑब्जेक्टचा गेटर शोधून काढते. अनुक्रमांक हवा असेल तर व्हारस्टेटस नावाचं ॲट्रिब्यूट आहे. त्यातला इंडेक्स शून्यापासून मोजतो आणि काउंट एकपासून. काकांना यादीत शून्य नंबरचा देणगीदार दाखवलात तर ऐकून घ्यावं लागेल.

ईएल एका बाबतीत फार मवाळ आहे. ॲट्रिब्यूट सापडलं नाही तर ती ओरडत नाही, गुपचूप रिकामं छापते. आधी बरं वाटतं. पण नावात एक अक्षर चुकलं तरी तेच होतं, आणि मग आपण डेटाबेसला शिव्या घालत बसतो. पान रिकामं दिसलं की पहिलं स्पेलिंग तपासा.

अटींचं म्हणाल तर सी-इफला एल्स नाही. खरंच नाही. ‘नाहीतर’ हवं असेल तर सी-चूज घ्या, त्याच्या आत सी-व्हेन आणि शेवटी सी-अदरवाइज. जी पहिली अट खरी ठरेल तिचाच मजकूर छापला जातो. यात एक खड्डा आहे. सी-चूजच्या आत, पण सी-व्हेनच्या बाहेर, साधी एचटीएमएल कॉमेंटसुद्धा चालत नाही, पान कंपाइलच होत नाही. तिथे जेएसपीची कॉमेंट लिहायची.

आता मुद्द्याचा टॅग, सी-आउट. ईएल नुसती पानात लिहिली तर जेएसपी ती व्हॅल्यू जशीच्या तशी छापते. म्हणजे स्क्रिप्टलेट काढून सगळीकडे ईएल लावली, तरी माझ्या मित्राचा अलर्ट तसाच वर आला असता! कोड सुंदर, भोक तेच. सी-आउटमध्ये एस्केपएक्सएमएल नावाचं एक ॲट्रिब्यूट आहे, आणि काही न सांगता ते चालूच असतं. ते पाच चिन्हं बदलतं: लेस दॅन, ग्रेटर दॅन, ॲम्परसँड, आणि एकेरी व दुहेरी अवतरण. लेस दॅनच्या जागी ॲम्परसँड, एल, टी, सेमीकोलन असं लिहिलं जातं. ब्राउझर ते बघून पडद्यावर चिन्ह दाखवतो, पण टॅग सुरू झाला असं मानत नाही. स्क्रिप्ट चालत नाही, नुसती वाचता येते. एखाद्या इनपुटच्या व्हॅल्यूमध्ये हेच करायचं असेल तर फंक्शन्स लायब्ररीत एस्केपएक्सएमएल नावाचंच फंक्शन आहे, ते तिथे सुटसुटीत पडतं.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हे एचटीएमएलच्या मजकुरासाठी आणि अवतरणात ठेवलेल्या ॲट्रिब्यूटसाठी आहे. युजरने दिलेली व्हॅल्यू तुम्ही जावास्क्रिप्टच्या आत किंवा ऑनक्लिकमध्ये टाकत असाल, तर ही पाच चिन्हं पुरत नाहीत. तिथे शक्यतो टाकूच नका.

फॉरमॅटिंग लायब्ररी आपल्या मराठी लोकांची खरी परीक्षा घेते. तारखेचं सोपं आहे. फक्त पॅटर्नमध्ये महिन्यासाठी मोठा एम लिहा. छोटा एम म्हणजे मिनिटं, आणि गणेश चतुर्थी सदतिसाव्या महिन्यात आलेली मी स्वतः बघितली आहे. शिवाय हा टॅग जावाच्या जुन्या डेट क्लासवर चालतो. जावा 8 मधला लोकलडेट थेट दिलात तर चालणार नाही, आधी बदलून घ्यावा लागतो.

आकड्यांचं जास्त मजेशीर आहे. एकूण वर्गणी समजा 1,25,500. फॉरमॅटनंबरने छापली की येते 125,500. पॅटर्नमध्ये आपल्या पद्धतीने दोन-दोन आकड्यांवर स्वल्पविराम दिलेत तरी तसंच! कारण खाली जावाचा डेसिमलफॉरमॅट बसलाय. तो पॅटर्नमधला शेवटचा स्वल्पविराम आणि आकड्याचा शेवट यांतलं अंतर बघतो आणि सगळीकडे तेच लावतो. लाख-कोटी त्याच्या गावी नाही. मग एक छोटं स्टॅटिक फंक्शन लिहायचं आणि आपल्या टीएलडी फाइलमध्ये नोंदवून ईएलमधून वापरायचं, किंवा आयसीयू फॉर जे ही लायब्ररी घ्यायची, तिला लाखाची मांडणी येते.

पान मराठी आणि इंग्रजी दोन्हीत हवं असेल तर एफएमटी-मेसेज आहे. वाक्यं वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, पानात फक्त त्यांच्या चाव्या. मात्र जावा 8 पर्यंत या फाइली आयएसओ-8859-1 मध्ये वाचल्या जायच्या, त्यामुळे मराठीचं प्रत्येक अक्षर उलटी रेघ, यू आणि चार अंकी कोड असं लिहावं लागायचं. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणजे कोडची अख्खी ओळ! 2017 च्या जावा 9 पासून या फाइली यूटीएफ-8 मध्ये वाचल्या जातात, सरळ देवनागरी लिहा. पानाचं पेजएन्कोडिंगही यूटीएफ-8 ठेवा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

कुणी म्हणेल, आता हे कोण वापरतं? नवीन प्रोजेक्ट असेल तर मीही जेएसपी घ्या म्हणणार नाही. स्प्रिंग बूटसोबत थाइमलीफ जास्त जमतं. पण पहिल्या नोकरीत नवीन कोड क्वचितच हातात येतो. पंधरा वर्षं चालत आलेली प्रणाली मिळते आणि सांगतात, हे एक पान दुरुस्त कर. तेव्हा हे सगळं समोर येतं, वर आवृत्त्यांचा गोंधळ वेगळाच. जावा ईई ओरॅकलकडून इक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, नाव जकार्ता झालं, आणि पॅकेजचं नाव जावाएक्सवरून जकार्ता केलं गेलं. टॉमकॅट 9 पर्यंत जुनं नाव, 10 पासून नवं. जेएसटीएल 1.2 ची जुनी जार टॉमकॅट 10 मध्ये टाकलीत तर क्लास सापडत नाही म्हणून पान कोसळतं. आणि टॉमकॅटसोबत जेएसटीएल मुळात येतच नाही, जार आपल्यालाच लिब फोल्डरमध्ये ठेवावी लागते. एरर आली की आधी सर्व्हरची आवृत्ती बघा, मग जारची, आणि मगच स्वतःचा कोड उघडा.

हां, त्या यादीचं काय झालं ते राहिलंच. मी पान पुन्हा लिहिलं, प्रत्येक नावावर सी-आउट लावलं. मित्राला चैन पडेना, त्याने त्याच रात्री परत स्क्रिप्टचा टॅग टाकला. सकाळी यादीत तेविसाव्या नंबरला तो टॅग निमूटपणे, अक्षरशः छापलेला होता, आणि पुढे रक्कम 51 रुपये. काकांनी ते 51 रुपये त्याच्याकडून वसूल केले, पावतीसुद्धा त्याच नावाने फाडली.