धूर कधी निघतो, ते आधी बघा

ऑइल खाणारी गाडी म्हणजे बोअरला, म्हणजे सिलिंडर तासून घ्यायला आलेली गाडी, असं नागपूरच्या महाल भागात ठाम मानलं जातं. वाड्याच्या दारात उभी असलेली वीसेक वर्षांची मारुती ८०० सकाळी निळसर धूर सोडते आणि शेजारचे काका रिंग-पिस्टनचा खर्च सांगून मोकळे होतात. काकांनी धुराचा रंग पाहिलेला असतो, वेळ नाही.

रात्रभर उभ्या गाडीला स्टार्टर मारताच निळा लोट आला आणि थोड्या वेळात विरला, तर पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्यावा. हेडमधलं ऑइल कडक झालेल्या रबरी सीलमधून व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपत राहतं आणि इंजिन सुरू होताच जळतं. बडकस चौकाच्या गर्दीत गाडी बराच वेळ न्यूट्रलवर घुरघुरली आणि निघताना भपका आला, तरी बहुधा तेच. थ्रॉटल मिटलेला असताना इन्टेकमध्ये ओढ जास्त असते, ती ऑइल खेचते. सील बदलायला बोअर लागत नाही. रिंगांचा धूर वेगळा वागतो: इंजिन गरम असताना, लोडवर, म्हणजे वर्धा रोडचा उड्डाणपूल चढताना तो पाठ सोडत नाही. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल केलं तर तिथूनही फुकफुक धूर येतो.

तरी नुसत्या नजरेवर इंजिन खोलू नये. कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. आकडा चांगला चढला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. हे न करता बोअर सुचवणाऱ्या मेकॅनिककडून गाडी सरळ परत आणावी, असं माझं मत.

डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी दिसणारी पांढरी वाफ हा आजार नव्हे. गाडी तापल्यावरही ती राहिली आणि रेडिएटरचं पाणी घटू लागलं, तरच काळजी.

‘नागपूरचा उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला अर्धा खरा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं. पण तापलेल्या इंजिनातलं ऑइल त्याच्या दुप्पट गरम असतं. मॅन्युअलमध्ये उष्ण हवेसाठी दिलेला ग्रेड टाकावा. त्याहून जाड ऑइलने खाणं थोडं कमी दिसेल, कडक झालेलं सील मऊ होणार नाही. आणि पीयूसी पास झाली म्हणजे इंजिन धड, हेही खरं नाही. ती तपासणी उभ्या गाडीवर होते, लोडवरचा धूर तिला दिसत नाही.

आता सायलेन्सरमधले फटाके. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, तेव्हा ते वाजतात. भेसळीच्या पेट्रोलवर लगेच खापर फोडू नये. अॅक्सिलरेटर सोडल्यावरच वाजत असतील तर एक्झॉस्टचा जोड बघा. गॅस्केट फुटलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. जोडाभोवती काजळीची रेघ दिसली, तर काम तेवढ्या गॅस्केटवर भागू शकतं.

उभ्या गाडीतही फटफट चालू असेल तर एखादा सिलिंडर मिस करतो आहे. ८०० ला तीनच सिलिंडर, त्यामुळे गाडी थरथरून सांगतेच. प्लग काढा. तो काळा, ओला, तेलकट निघाला तर धूर आणि फटाके या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे: ऑइलने प्लग मेला, ठिणगी पडत नाही आणि पेट्रोल तसंच बाहेर जातं. कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त.

प्लग स्वच्छ, ठिणगी व्यवस्थित आणि कॉम्प्रेशन कमी, असं असेल तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटकडे वळा. टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत. पण सीट झिजत जाते तसा टॅपेटमधला गॅप कमी होतो, आवाजही कमी होतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कडेने जळतो. गॅस किट लावलेल्या जुन्या गाड्यांत हे लवकर होतं. ८०० चे टॅपेट स्क्रूने सेट होतात. फीलर गेज घालून वेळेवर केलं तर हेड उतरवायची पाळी टळू शकते.